कॅमेऱ्यात माणसं सापडली तेव्हा

पेरूच्या अॅमेझॉनमधल्या एका स्वयंसेवा केंद्राचा प्रकरण अभ्यास

वर्षावनात स्वयंसेवक म्हणून जायला निघालेले लोक साधारणपणे लसी, बूट, डास आणि साप यांबद्दल विचारतात. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरंही सहज मिळतात. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्यावेत, वाळूमाशी चावलेली जखम आठवडे उलटूनही भरत नसेल तर लेश्मानियाची तपासणी करून घ्यावी. पुढच्या प्रकरणात कुणालाही ताप आला नाही की साप चावला नाही. तरीही केंद्र जवळजवळ बंद पडायची वेळ आली होती.

घटना २०२२ च्या कोरड्या हंगामातली आहे. केंद्राचं नाव, उपनदी, माणसांची नावं आणि स्वयंसेवकांचे देश मुद्दाम गाळले आहेत. हकीकत मुख्यतः केंद्राच्या समन्वयक बाईंकडून आणि तेव्हा तिथे असलेल्या दोन स्वयंसेवकांकडून कळलेली आहे.

पार्श्वभूमी

माद्रे दे दियोस हा पेरूच्या आग्नेय कोपऱ्यातला, ब्राझील आणि बोलिव्हियाला लागून असलेला प्रदेश. त्याची राजधानी पुएर्तो माल्दोनादो. पर्यटक या शहरात उतरून बहुधा तांबोपाता राखीव क्षेत्राकडे वळतात. २००० साली जाहीर झालेलं हे क्षेत्र २,७४,६९० हेक्टरांचं आहे आणि नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर पहाटे जमणाऱ्या मकाव पोपटांसाठी ते जगभर माहीत आहे. हे प्रकरण मात्र लास पिएद्रास नदीच्या खोऱ्यातलं. तिथल्या जंगलाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यानात येत नाही. तो परवान्यांमध्ये वाटलेला आहे: कुणाकडे लाकूडतोडीचा परवाना, कुणाकडे पर्यटनाचा, कुणाकडे कास्तान्याचा.

कास्तान्या म्हणजे ज्याला बाजारात ब्राझील नट म्हणतात त्याचं झाड. त्याची लागवड करून फारसं हाती लागत नाही, कारण फुलांचं परागण करणाऱ्या मोठ्या मधमाश्यांना भोवती शाबूत जंगल लागतं. म्हणून कास्तान्या गोळा करणाऱ्या कुटुंबाचं पोट जंगल उभं राहण्यावर चालतं. पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, नारळाएवढी कठीण फळं आपोआप खाली पडतात. ती गोळा करायची, कोयत्याने फोडायची, बिया पोत्यात भरून नदीपर्यंत पाठीवर न्यायच्या. उरलेले महिने मात्र जंगलात कुणी नसतं, आणि चोरटी तोड नेमकी तेव्हाच होते.

या प्रकरणातल्या परवानाधारकाने यावर उपाय शोधला होता. त्याने आपल्या क्षेत्रात लाकडी खोल्यांचं छोटं केंद्र बांधलं आणि कोरड्या हंगामात स्वयंसेवक ठेवायला सुरुवात केली. ते आठवड्याची फी भरतात. त्या पैशांतून बोटीचं पेट्रोल, स्वयंपाक आणि वाटाड्याचा पगार निघतो. बदल्यात ते पायवाटा साफ करतात, मकाव मोजतात, कास्तान्याची रोपं वाढवतात आणि कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, सांभाळतात. शिवाय जंगलात माणसांचा वावर दिसत राहतो, आणि परवानाधारकाच्या लेखी खरा फायदा तोच होता. जाहिरातीत हे लिहिलेलं नव्हतं. तिथे जग्वारचा फोटो होता.

त्या वेळी केंद्रावर चार स्वयंसेवक होते: जीवशास्त्राची एक विद्यार्थिनी, एक निवृत्त शिक्षक आणि नोकरीतून मोठी सुट्टी काढून आलेलं एक जोडपं. वाटाड्या तिथलाच. त्या भागात अशा माणसाला मातेरो म्हणतात, म्हणजे ज्याला झाड सालीवरून आणि वासावरून ओळखता येतं असा माणूस. त्याचं कुटुंब नदीकाठच्या वस्तीत, बोटीने काही तासांवर राहत होतं.

कॅमेऱ्याचं काम ऐकायला रोमांचक वाटतं. प्रत्यक्षात कार्डावरची बरीचशी छायाचित्रं हलणाऱ्या पानांची असतात. ती गाळत बसावं लागतं, मग एखादा टॅपिर मिळतो, कधी पेक्करी डुकरांचा कळप. जग्वार मिळालाच तर ठिपक्यांच्या नक्षीवरून तो नवा की जुना हे ठरवता येतं. हे गाळणं म्हणजे स्वयंसेवकांच्या हातून होणारं सर्वांत उपयोगी काम, असं माझं मत आहे. त्याचे फोटो कुणी काढत नाही, एवढंच.

काय घडलं

एक कॅमेरा चाटणावर लावला होता. क्षार असलेली माती खायला प्राणी जिथे वारंवार येतात ती ही जागा, स्थानिक भाषेत कोल्पा. प्राण्यांसाठी कॅमेरा लावायला याहून चांगली जागा नसते. शिकाऱ्यांनाही याहून चांगली जागा माहीत नसते.

जुलैतल्या एका संध्याकाळी विद्यार्थिनीने त्या कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं. दक्षिणेकडून थंड वाऱ्याची लाट, तिथला फ्रियाखे, येऊन गेली होती. सगळे स्वेटर घालून टेबलाभोवती बसले होते. पेक्करी, पेक्करी, रिकामी चित्रं, आणि मग तीन माणसं. एकाच्या खांद्यावर बंदूक, दुसऱ्याच्या हातात चेनसॉ, तिसऱ्याकडे पेट्रोलचा कॅन. एकाचा चेहरा अगदी स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी वाटाड्या आणि शिक्षक माग काढत गेले. चाटणापासून फार लांब नसलेल्या उंचवट्यावर शिवावाकोचं एक जुनं झाड पाडलेलं होतं. या झाडाला एक मीटर जाड व्हायला काही शतकं लागतात. त्याच्या ढोलीत मकाव घरटी करतात, फांद्यांवर हार्पी गरुड. लाकूड इतकं जड की पाण्यात तरंगत नाही. म्हणून ते नदीतून सोडता येत नाही, कोरड्या हंगामात रस्त्यानेच न्यावं लागतं आणि बऱ्याचदा जागेवरच चेनसॉने चौकोनी तुकडे पाडतात. इथेही तसंच झालेलं. काही तुकडे अजून तिथेच पडले होते. याचा अर्थ माणसं परत येणार होती.

येताना वाटाड्या बोलला नाही. केंद्राजवळ आल्यावर त्याने शिक्षकांना सांगितलं की चेहरा दिसतो तो माणूस त्याचा कोंपाद्रे आहे. कोंपाद्रे म्हणजे ज्याने आपल्या मुलाचं बाप्तिस्म्याच्या वेळी पालकत्व घेतलं तो. हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा हलकं मानत नाहीत. शिक्षकांनी विचारलं, तक्रार करायची ना? त्यावर तो म्हणाला, “प्रोफे, तुम्ही ऑगस्टमध्ये जाल. मी इथेच असेन.”

शिक्षकांनी हे वाक्य इतर तिघांना सांगितलं नाही. वाटाड्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत नेणं त्यांना बरं वाटलं नाही. तेव्हा हा निर्णय सभ्यपणाचाच होता.

समन्वयक त्या आठवड्यात शहरात होत्या आणि केंद्रावर इंटरनेट नव्हतं. रविवारी सुट्टीसाठी विद्यार्थिनी आणि जोडपं शहरात गेले. विद्यार्थिनीने कार्डाची प्रत आपल्या लॅपटॉपवर घेतली होती. त्यावर कुठलाही नियम नव्हता, उलट तिला आपल्या प्रबंधासाठी ती घ्यायला सांगितलेलं होतं. कॅफेत वायफाय मिळाल्यावर तिने एक छायाचित्र टाकलं. चेहरे पुसट केले, गावाचं नाव लिहिलं नाही, मजकुरात फक्त इतकंच की आम्ही जे जंगल राखतोय तिथे हे चाललं आहे. तिच्या दृष्टीने तिने काळजी घेतली होती.

चित्राच्या तळाशी एक काळी पट्टी होती. कॅमेरा ट्रॅप त्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान, चंद्राची कला आणि कॅमेऱ्याला दिलेला संकेतांक छापतो. संकेतांकात केंद्राच्या नावाची अक्षरं होती. पार्श्वभूमीला चाटण होतं, आणि त्या खोऱ्यातल्या माणसाला आपलं चाटण ओळखायला नकाशा लागत नाही. पोस्ट कुणीतरी स्थानिक गटात पुढे पाठवली. दोन दिवसांत ती वस्तीत पोचली. ते कॅमेरे कोण लावतो हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं.

आठवड्याच्या आत चाटणावरचा आणि त्याच्या पुढचा असे दोन कॅमेरे नाहीसे झाले. रात्री बोटीचा दोर कापला गेला. बोट वळणावर अडकलेली सापडली. मग वाटाड्याच्या बायकोने निरोप पाठवला की दोन अनोळखी माणसं घरी येऊन त्याची चौकशी करून गेली. नुसती चौकशी. धमकी अशी नाही.

हा निरोप किती गंभीर मानायचा हे ठरवताना प्रदेशाचा अलीकडचा इतिहास विसरून चालत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये आल्फ्रेदो व्राको या वनपरवानाधारकाला गोळ्या घालून मारलं गेलं. बेकायदा सोनेखाणींविरुद्ध तो वर्षानुवर्षं तक्रारी करत होता. सप्टेंबर २०२० मध्ये तांबोपाताजवळच्या आपल्या परवानाक्षेत्रात रोबेर्तो पाचेको मारला गेला. त्याला आणि त्याच्या वडिलांना आधीपासून धमक्या येत होत्या. समन्वयकांना ही दोन्ही नावं पाठ होती. स्वयंसेवकांपैकी कुणीही ती ऐकलेली नव्हती.

समोरचे पर्याय

समन्वयक, परवानाधारक आणि वाटाड्या असे तिघे शहरात भेटले. स्वयंसेवकांना बैठकीत घेतलं नव्हतं. विद्यार्थिनी यावर नाराज झाली. माझ्या मते तिला न बोलावणं बरोबर होतं, पण का बोलावलं नाही हे सांगायला हवं होतं.

सरळ रस्ता तक्रारीचा. पुएर्तो माल्दोनादोत पर्यावरणविषयक गुन्ह्यांसाठी वेगळं सरकारी वकील कार्यालय आहे आणि प्रादेशिक सरकारचा वनविभाग आहे. बेकायदा तोड पेरूत फौजदारी गुन्हा आहे. शिवाय परवानाधारकाला स्वतःची बाजूही सांभाळायची होती: परवानाक्षेत्रांची तपासणी करणारी ओसिन्फोर ही सरकारी संस्था कधीही येऊ शकते, आणि आपल्या हद्दीत तुटलेल्या झाडाबद्दल त्याने काहीच कळवलं नसेल तर झाड त्यानेच विकलं असा संशय येऊ शकतो. म्हणजे गप्प बसणं हा पर्याय कागदोपत्रीही सुरक्षित नव्हता. अडचण एवढीच की तक्रारीला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तो चेहरा.

दुसरा रस्ता आधी शेजाऱ्यांशी बोलण्याचा. परवानाधारकाचा कल इकडे होता. तो म्हणाला की बंदूकवाल्याशी माझं भांडण नाही. आदिवासी आणि शेतकरी समुदायांना घरच्या चुलीपुरती शिकार करायला तिथल्या वनकायद्यात वाव आहे, आणि कास्तान्याच्या हंगामात त्याचे स्वतःचे मजूरही पेक्करी मारून खातात. त्याचं भांडण चेनसॉशी होतं. चेनसॉ, पेट्रोल आणि लाकूड बाहेर न्यायला लागणारा ट्रॅक्टर कोंपाद्रेच्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणजे मागे कुणीतरी पैसेवाला होता, आणि कोंपाद्रे रोजावर गेलेला.

स्वयंसेवकांच्या जोडप्याने तिसरा मार्ग सुचवला होता: पोस्ट काढू नये, उलट आंतरराष्ट्रीय संस्थांना पाठवावी, म्हणजे प्रसिद्धीमुळे संरक्षण मिळेल. ही कल्पना अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही. काही ठिकाणी नाव जगाला माहीत असणं हे कवच ठरतं. पण ज्याचं नाव पुढे जाणार त्याने ते स्वतः ठरवायचं असतं, आणि वाटाड्याने स्वच्छ नकार दिला.

केंद्र हंगामापुरतं बंद करावं का, हाही प्रश्न निघाला. समन्वयकांनी तो लगेच बाजूला सारला. माणसं गेली की उरलेले ओंडके आणि आणखी चार झाडं जाणार, हे उघड होतं.

उचललेली पावलं

पोस्ट त्याच दिवशी काढली गेली. तिचे स्क्रीनशॉट फिरत राहिले, त्याला इलाज नव्हता.

वाटाड्याला पूर्ण पगारावर शहराजवळच्या रोपवाटिकेत काम दिलं, बायको-मुलांसह राहायची सोय केली. पैसे स्वयंसेवकांच्या फीमधूनच गेले आणि त्यासाठी त्या महिन्याची मकाव-गणना रद्द झाली. या सगळ्यात सर्वांत बरोबर निर्णय कुठला असं मला विचारलं तर मी हाच सांगेन. तक्रार करायची की नाही या वादाच्या आधी तो घेतला गेला, हे विशेष.

तक्रार परवानाधारकाने एकट्याच्या नावाने दिली. त्यात पाडलेल्या झाडाची जागा, तुकड्यांची मापं आणि दिवसाउजेडी काढलेली छायाचित्रं होती. कॅमेरा ट्रॅपची चित्रं जोडली नाहीत. ती आहेत, मागितल्यास देऊ, असं वकिलामार्फत कळवलं. २०२१ मध्ये पेरूने मानवी हक्करक्षकांच्या संरक्षणासाठी अनेक मंत्रालयांची मिळून एक यंत्रणा उभी केली, तिच्याकडे परवानाधारकाच्या नावाने पूर्वसूचनेचा अर्जही गेला.

त्याच आठवड्यात कास्तान्या गोळा करणाऱ्यांच्या संघटनेतल्या एका ज्येष्ठाच्या मध्यस्थीने परवानाधारक कोंपाद्रेला भेटला. तक्रारीत तुझं नाव नाही हे त्याने सांगितलं. मागचा पैसेवाला कोण हे विचारलं नाही. हे न विचारणं मुद्दाम ठरवून होतं.

स्वयंसेवकांना केंद्रावर परत जायचं की नाही हे त्यांच्यावर सोडलं. जोडपं तिथूनच परतलं. शिक्षक आणि विद्यार्थिनी दुसऱ्या वाटाड्यासोबत गेले, पण कॅमेऱ्यांकडे न जाता रोपांच्या कामावर.

परिणाम

सरकारी पथक पाहणीला आलं तेव्हा ओंडक्यांपैकी काही नाहीसे झाले होते. उरलेले जप्त झाले. कुणाला अटक झाली नाही. त्या हंगामात त्या क्षेत्रात पुन्हा तोड झाली नाही. ते तक्रारीमुळे, भेटीमुळे की नुसत्या गाजावाजामुळे, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. पोस्टचा काहीच उपयोग झाला नाही असं म्हणणंही म्हणून घाईचं होईल, आणि हे विद्यार्थिनीने बोलून दाखवलं तेव्हा समन्वयकांनीही ते खोडून काढलं नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पनामातल्या परिषदेत शिवावाको ज्या वंशात मोडतो त्या दिप्तेरिक्स झाडांचा साइट्सच्या, म्हणजे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये समावेश झाला. हे नियंत्रण २०२४ च्या अखेरीस लागू झालं. त्यामुळे निर्यातीला कागद लागतात. जंगलातल्या चोरट्या तोडीला कागद तेव्हाही लागत नव्हते.

वाटाड्या काही महिन्यांनी परतला. आता तो कास्तान्याच्या हंगामात काम करतो, पर्यटकांना पक्षी दाखवतो, कॅमेऱ्याला हात लावत नाही. कोंपाद्रेशी त्याचं बोलणं आहे, पण येणं-जाणं कमी झालं. त्या वर्षी केंद्राची फी-कमाई घटली, कारण परतलेल्या जोडप्याने आपला अनुभव प्रामाणिकपणे लिहिला होता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट तांत्रिक आणि फुकटची आहे. कॅमेऱ्याचा संकेतांक केंद्राच्या नावावरून ठेवायची गरज नव्हती, आकडा पुरला असता. मूळ चित्रांवरची पट्टी अभ्यासाला लागते, बाहेर जाणाऱ्या प्रतीवरून ती कापता येते. पण पट्टी नसती तरी चाटण ओळखलंच गेलं असतं, तेव्हा या उपायावर फार विसंबू नये.

खरं वळण कार्ड कुणी उघडायचं इथे होतं. आता तिथे कार्ड आधी केंद्राचा स्थानिक कर्मचारी एकटा पाहतो. माणूस दिसेल ती चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि स्वयंसेवकाला फक्त प्राण्यांची मिळतात. काही स्वयंसेवकांना हा अविश्वास वाटतो. त्यांना व्राको आणि पाचेको यांच्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. त्यानंतर तक्रारी कमी झाल्या, असं समन्वयक म्हणतात.

शिक्षकांच्या मौनाबद्दल मतं वेगळी आहेत. मला वाटतं, त्यांनी कोंपाद्रेचं नातं लपवून ठेवायलाच हवं होतं. पण “वाटाड्याला धोका आहे, समन्वयक येईपर्यंत कुणी काही बाहेर नेऊ नका” एवढं टेबलावर म्हणता आलं असतं. कारण न सांगताही. चौघेही समंजस होते, ऐकलं असतं. शिवाय केंद्रावर सॅटेलाइट फोन असता तर हा प्रश्न त्या रात्रीच समन्वयकांकडे गेला असता. तेव्हा तो परवडत नव्हता, नंतर घेतला.

जाहिरातही बदलायला हवी होती. तुम्ही फी भरून जंगलात उभे राहता, आणि तुमचं तिथे असणं हे राखणीचंच काम आहे, हे आधी सांगितलं तर येणारा माणूस वेगळ्या तयारीने येतो. केंद्राने हे अजून लिहिलेलं नाही. परवानाधारकाला भीती आहे की ते वाचून कुणी येणारच नाही. समन्वयकांच्या मते थोडे कमी येतील, पण राहतील.

वेगळ्या काढलेल्या फोल्डरचं काय करायचं, यावरही दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. समन्वयकांना तो दर हंगामाच्या शेवटी पुसून टाकायचा आहे, म्हणजे कुणाच्या हाती लागायची भीती राहणार नाही. परवानाधारक म्हणतो, उद्या ओसिन्फोरचा माणूस दारात आला तर झाड मी तोडलं नाही याचा पुरावा माझ्याकडे तेवढाच आहे. सध्या फोल्डरची एकच प्रत आहे आणि ती शहरात वकिलाकडे ठेवलेली आहे.